भरल्या ताटावरून

१

रोज सकाळी साडेसातला बेडोकच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वजनकाटा बाथरूममधून बाहेर यायचा. सुरेखाबाई त्यावर उभ्या राहायच्या. प्रबोध आपटे चष्मा कपाळावर चढवून खाली वाकायचे, आकडा वाचायचे आणि सरळ खोटं बोलायचे.

"साडेबेचाळीस! वाढतंय हं."

आकडा एक्केचाळीसचा असायचा.

"खोटं बोलायचंय तर निदान चेहरा तरी सरळ ठेवा," सुरेखाबाई म्हणायच्या आणि भिंतीला धरून उतरायच्या.

गेल्या वर्षी पुण्यात त्यांचं मोठं ऑपरेशन झालं, मग केमो झाली. आजार गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. काहीही खाल्लं तरी पत्रा चावल्यासारखं लागतं, म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाकी सगळं ठीक आहे, आता यांनी खाल्लं पाहिजे. एवढंच. म्हणून लेकीने, अनघाने, दोघांना महिनाभरासाठी सिंगापूरला बोलावून घेतलं. ती इथे बारा वर्षं बँकेत होती, पीआर, म्हणजे तिथली कायमची रहिवासी होती, आणि आईला आपण ठणठणीत करून परत पाठवू अशी तिची खात्री होती.

आता गंमत बघा. खाण्यातला दर्दी माणूस म्हणजे प्रबोध. केमिस्ट्रीचे निवृत्त प्राध्यापक, पण आयुष्यभर खरं प्रेम केलं ते खाण्यावर आणि त्या खालोखाल बायकोवर. क्रम कधी कधी उलटा. सुरेखाबाईंच्या हाताला विलक्षण चव, आणि जीभ त्याहून तिखट. अडतीस वर्षांत त्यांनी एकाही पदार्थाला 'छान' म्हटलं नव्हतं, स्वतःच्यासुद्धा. 'बरी झालीय' हा त्यांच्याकडचा सुवर्णपदकाचा शेरा. त्या बाई आता हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊच्या गाळ्यांत, सूपचा एक चमचा घ्यायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि वाटी सरकवायच्या. नावंसुद्धा ठेवायच्या नाहीत. प्रबोधना त्याचंच भय वाटायचं.

२

ते उपाहारगृह सापडलं ते भोवळीमुळे. काटोंगच्या बाजूला दोघं भर दुपारी बसमधून उतरले आणि सुरेखाबाईंना गरगरलं. समोर जे दार होतं ते प्रबोधनी ढकललं.

आत गारवा, निळ्या फरशा, आणि लसूण भाजल्याचा असा वास की प्रबोध क्षणभर बायकोला विसरले. पुढे आली ती नेउस. पन्नाशीची, आखूड केसांची, एप्रनला हात पुसत. बार्सिलोनाच्या वरच्या डोंगरातल्या एका गावची. सगळं तीच करायची. मदतीला आत एक भांडीवाली. तिने पाणी दिलं, पंखा वळवला आणि काही न विचारता भाजलेल्या पावाच्या जाड चकत्या टेबलावर आणून ठेवल्या.

मग तिने त्यांच्यासमोरच लसणीची पाकळी पावावर घासली. टोमॅटो आडवा कापला आणि तोही घासला, घासतच राहिली, हातात नुसतं साल उरेपर्यंत. वर ऑलिव्हच्या तेलाची धार, चिमूटभर मीठ. झालं.

"पावावर टोमॅटो चोळायचा? याला काय स्वयंपाक म्हणायचं?" सुरेखाबाई पुटपुटल्या. पण कोपरा तोडला. चावला. मग दुसरा तोडला.

प्रबोध श्वास रोखून बघत होते.

"मीठ कमी आहे," सुरेखाबाई म्हणाल्या.

प्रबोधच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अहो, मीठ कमी आहे हे कळायला आधी मीठ लागावं लागतं! आठ महिन्यांनी तिला काहीतरी लागलं होतं. त्यांनी त्या आनंदात व्हर्मुट मागवलं. ही तिकडची दुपारी जेवणाआधी घ्यायची वनस्पती घातलेली वाइन, आत संत्र्याची फोड आणि एक ऑलिव्ह. पहिल्या घोटाला दशमूलारिष्टाची आठवण झाली आणि तिसऱ्याला दशमूलारिष्ट बनवणाऱ्यांची कीव आली.

सुरेखाबाईंनी पावाचे चार घास खाल्ले. फक्त चार. रात्री प्रबोधनी ते अनघाला दोनदा सांगितले.

३

दुसऱ्याच दिवशी बारा वाजता दोघं परत हजर. नेउस खुशीत होती, कारण विमानाने तिचे काल्सोत आले होते. काल्सोत म्हणजे कांद्याच्या पातीचे लांबलचक थोरले भाऊ. ते ज्वाळेवर पार कोळसा होईपर्यंत भाजायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घाम फुटू द्यायचा. मग गळ्यात फडकं बांधून बसायचं. एका हाताने शेंडा धरायचा, दुसऱ्याने बूड ओढायचं, की काळी साल सरकन निघून आतून पांढरी, मऊ, गोड काडी बाहेर येते. ती बदाम आणि भाजलेल्या मिरच्यांच्या लाल चटणीत बुडवायची, मान मागे टाकायची आणि वरून तोंडात सोडायची. सोबत पोर्रो, म्हणजे वाइनची बारीक चोचीची काचेची झारी. ओठ न लावता, हात लांब करून, वरून धार सोडायची.

"हे तर आपलंच!" प्रबोध चेकाळले. लहानपणापासून तांब्या उष्टा न करता पाणी प्यायलेला माणूस. एक थेंब शर्टावर सांडला नाही. नेउसने टाळ्या वाजवल्या.

पण सुरेखाबाईंनी मान खाली घातली होती. जळक्या वासाने त्यांना मळमळत होतं. समोर द्राक्षाचा रस तसाच होता. "तुम्ही खा हो," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने नाही होणार. कालचं काहीतरी चुकून झालं." आवाजात इतका थकवा होता की प्रबोधनी हातातली काडी खाली ठेवली.

त्यांनी नजर वळवली. उपाहारगृहाच्या मागच्या अंगाला अजून एक खोली होती. तिचं दार हातभर उघडं होतं आणि त्या फटीत कोणीतरी उभं होतं. अंधारात फक्त एक खांदा आणि दाराच्या कडेवर टेकलेली चार बोटं. बघत होतं. प्रबोधकडे नाही, ताटाकडे.

आणि प्रबोधच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "या, जेवायला."

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. आपण जेवत असताना कोणी समोर आलं की म्हणायचं, या जेवायला. समोरच्याने म्हणायचं, चालू द्या, होऊ द्या सावकाश. न विचारणं हा उद्धटपणा, आणि खरंच येऊन बसणं हा त्याहून मोठा. हजार वेळा म्हटलेलं वाक्य. कुणी कधी आलेलं नाही.

फटीतून उत्तर आलं नाही. बोटं मात्र दिसेनाशी झाली.

प्रबोध वळले, तो सुरेखाबाईंनी एक काल्सोत उचलला होता. डाव्या हाताने शेंडा, उजव्याने बूड. एका हिसक्यात साल वेगळी. मान मागे. कांदा वरून तोंडात. पुढचा. त्याच्या पुढचा. प्रबोध मोजत होते. अकरा झाले. हनुवटीवर लाल चटणी ओघळली होती आणि गालांवर कधी नव्हे तो रंग आला होता.

"फार छान आहे," सुरेखाबाई म्हणाल्या.

४

त्यानंतरचे दिवस म्हणजे दिवाळीच. काय काय खाल्लं म्हणून सांगू! निखाऱ्यावर भाजून साल काढलेली वांगी आणि मिरच्या, म्हणजे आपलं भरीतच, पण फोडणीचा गोंगाट नसलेलं. बेदाणे आणि चिलगोजे घातलेला पालक. ताज्या पनीरसारख्या मातोवर मध. आणि क्रेमा कातालाना: मातीच्या वाटीत लिंबाच्या सालीच्या वासाची दाट बासुंदी, वर जाळलेल्या साखरेची काच. चमच्याने टक् करून ती काच फोडायची, हे प्रबोधना इतकं आवडलं की ते स्वतःचं झाल्यावर बायकोच्या वाटीकडे आशेने बघायचे.

ती वाटी काही मिळायची नाही. सुरेखाबाई सगळं संपवायच्या. बशी पावाने पुसून काढायच्या आणि तो पावही खायच्या.

तिसऱ्या दिवसापासून टेबलावर तीन ताटं होती. तिसरं भिंतीकडच्या खुर्चीपुढे, काटा-चमचा, घडी केलेला रुमाल, पाण्याचा ग्लास. प्रबोधना वाटलं, असेल तिकडची काही रीत. विचारलं नाही, आपल्याला माहीत नाही हे परक्यासमोर कबूल करणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. ते ताट रोज रिकामं राहायचं आणि रोज रिकामंच उचललं जायचं.

घरी काटा त्रेचाळीसवर गेला. मग चव्वेचाळीस. प्रबोध आता खरा आकडा मोठ्याने वाचायचे. अनघा ऑफिसला निघता निघता आईला घट्ट मिठी मारून गेली आणि लिफ्टमध्ये रडली; तिनेच नंतर सांगितलं. पुण्याचे डॉक्टर व्हिडिओवर म्हणाले, "वा, वहिनी! हेच हवं होतं."

"किती छान बोलतात ते," सुरेखाबाई म्हणाल्या.

अनघाची आठ वर्षांची अनुया आजोबांच्या मांडीवर बसून सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, "आजोबा, आजी सो नाइस नाऊ. शी नेव्हर स्कोल्ड मी वन."

प्रबोध हसले. मग रात्रभर तेच वाक्य डोक्यात घोळवत पडून राहिले.

५

प्रबोध शास्त्राचे माणूस. त्यांनी सगळं तपासून पाहिलं.

सुरेखा डाव्या हाताने जेवते. मान्य. उजव्या हाताच्या शिरा सुयांनी पार जायबंदी झाल्यात, दुखत असेल. सुरेखा नावं ठेवत नाही. बरं, मरणाच्या दारातून परत आलेलं माणूस मवाळ होतं. अनघाने मुद्दाम आईच्या पद्धतीची आमटी केली आणि गूळ घालायला विसरली, तरी सुरेखा 'छान' म्हणाली. ठीक आहे, जीभ अजून पुरती सुधारलेली नाही. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. प्रबोध कारणं एकाखाली एक रचत होते आणि तरीही जेवताना बायकोच्या तोंडाकडे बघणं टाळत होते. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

आणि मग तो आवाज.

त्या दुपारी सुरेखाबाई पालक खात होत्या. उपाहारगृहात दुसरं कोणी नव्हतं. प्रबोधचं पोट गच्च भरलेलं. त्या शांततेत कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. लांबलचक, पोकळ. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसलेल्या माणसाच्या आतड्यांचा आवाज. भिंतीकडच्या खुर्चीतून.

फ्रिज असेल. पाइप असेल. प्रबोधनी कान दिला. फ्रिज स्वयंपाकघरात होता, त्या बाजूला पाइप नव्हता. आवाज परत आला, आणि या वेळी तो मध्येच दाबला गेला. लाज वाटून कोणी पोटावर हात धरावा तसा.

"किती छान शिजलाय पालक," सुरेखाबाई म्हणाल्या आणि बशी पुसायला पाव उचलला.

६

त्यांनी नेउसला गाठलं ते सुरेखाबाई हात धुवायला गेल्यावर. एकदाचा ताठा सोडून विचारलं, "हे तिसरं ताट. तुमच्याकडे पद्धत आहे का?"

नेउसला प्रश्नच कळेना. "पद्धत? नाही. तुमच्या मिसेसनी सांगितलंय ना. त्या दिवशी, कांदे खाल्ल्यावर. उद्यापासून तीन मांडा म्हणाल्या, एक जण अजून बसलेली आहे."

"तिला इंग्रजी धड येत नाही," प्रबोध म्हणाले.

"इंग्रजी कशाला? आमच्या भाषेत बोलल्या." नेउसच्या चेहऱ्यावर निव्वळ कौतुक होतं. "तेही माझ्या आजीच्या वेळचं, गावाकडचं. असं बोलणारं आता कोणी उरलं नाही. मी तर थक्क झाले. मला वाटलं, तुम्ही तिकडे राहून आलात."

प्रबोधनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे कोण असतं?

"तिथे? पिंपं आणि जुन्या खुर्च्या." ती हसली. "माझ्या गावाहून आणल्यात. बसायला नाही, नुसत्या आठवणीला."

हात धुवून सुरेखाबाई येताना दिसल्या. चाल ताठ झाली होती, भिंतीला धरावं लागत नव्हतं. किती वाट पाहिली होती प्रबोधनी या चालीची! आणि ती जवळ येताना बघून त्यांना पळून जावंसं वाटलं.

७

मुक्कामाचा शेवटचा दिवस उजाडला; उद्या पुण्याचं विमान होतं. शेवटचं जेवण म्हणून नेउसने जे जे होतं ते सगळं मांडलं. तीन वाजत आले. बाकीची गिऱ्हाइकं गेली, भांडीवाली गेली. नेउसने शेगड्या बंद केल्या, "तुम्ही आरामात बसा, मी पाच मिनिटांत पावाची ऑर्डर देऊन येते," म्हणाली आणि रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीत गेली.

ताटं उद्यापासून दोनच लागणार. घरी पोचल्यावर शेजारीपाजारी येतील, सुरेखाची तब्येत बघून बोटं तोंडात घालतील. ती सगळ्यांना छान म्हणेल. सेहेचाळीस किलोची, हसतमुख, कधीही न चिडणारी. आणि इथे, भिंतीकडच्या खुर्चीत—

प्रबोधनी तो विचार तिथेच तोडला. पोटातला आवाज मात्र तुटला नाही. आज तो सारखा येत होता. बारीक झाला होता. गुरगुर कमी आणि कण्हणं जास्त.

समोर जे कोणी जेवत होतं त्याला उठवायला हवं होतं. पण कसं? आपट्यांच्या घरात भरल्या ताटावरून कुणाला उठवलेलं नाही. भांडायला आलेल्या भाऊबंदालासुद्धा आधी जेवू घातलेलं. आणि यांना तर त्यांनी स्वतः बोलावलेलं, तोंडाने. शिवाय उठवलं आणि सगळं आपल्या डोक्यातलंच निघालं तर? आठ महिन्यांनी जेवायला लागलेल्या बायकोला ताटावरून उठवणारा नवरा! ती परत जेवली नाही तर? एक्केचाळीस, चाळीस, एकोणचाळीस.

समोर चमचा वाटीच्या तळाशी खरवडत होता. डावा हात. खर्र, खर्र.

त्यांनी समोर पाहिलंच नाही. टेबलावर नजर ठेवून, हात जोडून, पाहुण्यांशी बोलतात तशा आवाजात ते म्हणाले, "पुरे झालं. आता उठा."

भिंतीकडच्या खुर्चीत हालचाल झाली नाही.

चमचा थांबला. मग समोर रुमालाची घडी झाली, तीनपदरी, कडा जुळवून. खुर्ची मागे सरकली. सुरेखाबाईंची जांभळी साडी टेबलाच्या कडेने हलली. उजेड आणि प्रबोध यांच्यामध्ये क्षणभर कोणीतरी वाकलं, आणि सुरेखाबाईंच्या आवाजात, पण परक्या घरी बोलतात तितक्या अदबीने म्हणालं, "फार छान झालं जेवण. तुम्ही आग्रहही छान करता."

पावलं मागच्या खोलीकडे गेली. प्रबोधनी वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. दार मिटत होतं. मिटताना आतून ओढून घेणारी बोटं चारच दिसली. ती बांगड्यांच्या हाताची नव्हती, आणि जांभळी साडी कुठेच दिसत नव्हती.

समोरची खुर्ची रिकामी होती. बाहेर एक बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

मग भिंतीकडच्या खुर्चीची वेताची बैठक करकरली. पाण्याचा ग्लास बोटभर सरकला.

"अहो," सुरेखाबाई म्हणाल्या. खुर्चीत कोणी दिसत नव्हतं. आवाज अगदी क्षीण होता, पण तो त्यांचाच होता. त्यात राग होता, रडू होतं आणि भूक होती. "इतके दिवस मी इथे बसलेय तुमच्यासमोर. हाका मारून घसा बसला. एकदाही माझ्या ताटात काही वाढलं नाहीत."

प्रबोधनी तिसरं ताट जवळ ओढलं.

"वाढतो हो... वाढतो, आत्ता वाढतो," ते कसेबसे म्हणाले.

"काही राहिलंय का?"

त्यांनी टेबलावर नजर फिरवली. पालकाची बशी, भरताची थाळी, मधाची वाटी, पावाची टोपली, क्रेमाच्या दोन्ही वाट्या. एकूण एक पुसून लख्ख होतं.